गाढवांवर बंदी, तेलाला वाट मोकळी

ऑक्टोबर १९३५ मध्ये जिनिव्हाला एक यादी तयार झाली. इटलीला कोणता माल विकायचा नाही, याची. राष्ट्रसंघाने नेमलेल्या अठरा देशांच्या समितीने, म्हणजे चांगल्या मुरलेल्या मुत्सद्द्यांनी, ती केली होती. यादीत रबर होतं, कथील होतं, बॉक्साइट आणि ॲल्युमिनियम होतं, भंगार लोखंड, मँगनीज, निकेल, क्रोमियम होतं. आणि जनावरं होती. घोडे, खेचरं, गाढवं, उंट आणि ओझी वाहणारी झाडून सगळी जनावरं.

तेल नव्हतं. कोळसा नव्हता. पोलादही नव्हतं.

ज्या सैन्याला अडवण्यासाठी ही यादी होती, ते ट्रक, रणगाडे आणि विमानं घेऊन ॲबिसीनियात शिरलं होतं. तिथल्या डोंगरांत खेचरांचा उपयोग होता हे मान्य. समितीत कुणीतरी नकाशा नक्कीच पाहिला असणार. पण इटलीच्या भूमीत तेल जवळजवळ निघतच नव्हतं. विमानात भरायचा प्रत्येक थेंब बाहेरून विकत यायचा. उलट ॲल्युमिनियम हा असा धातू होता, जो इटली स्वतःच गरजेपेक्षा जास्त तयार करत असे. त्याच्यावर मात्र कडक बंदी!

राष्ट्रसंघाचे ठराव आणि भाषणं ग्रंथालयांत भरपूर आहेत. मला ही यादी त्या सगळ्यांपेक्षा बोलकी वाटते. ती कशी तयार झाली, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडचा 'हबशी' हा शब्द याच मुलखावरून आला. अरबीत हबश म्हणजे ॲबिसीनिया, आजचा इथिओपिया. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाही खांद्यावर तोलून धरणारा मलिक अंबर तिथला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानाला तर हबसाण असंच नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपने आफ्रिका वाटून घेतली, तेव्हा हा देश उरला. आयता उरला नाही. १ मार्च १८९६ रोजी अडोव्याला सम्राट मेनेलिकच्या फौजेने इटालियन सैन्याची धूळधाण केली. ही जखम इटलीत चाळीस वर्षं ओली राहिली.

२८ सप्टेंबर १९२३ ला हा देश राष्ट्रसंघाचा सभासद झाला. अर्ज करणारा राज्यप्रतिनिधी होता रास तफारी, म्हणजे पुढचा सम्राट हैले सेलासी. ब्रिटनने नाक मुरडलं. या देशात अजून गुलामगिरी चालते, त्याला सुसंस्कृत राष्ट्रांच्या पंक्तीत कसं बसवायचं? आक्षेप खोटा नव्हता. गुलामगिरी होती, आणि हे साम्राज्य स्वतःही दक्षिणेकडच्या जमातींना जिंकूनच वाढलं होतं. तफारीकडून गुलामगिरी बंद करण्याचं वचन घेऊन प्रवेश दिला गेला. प्रवेशाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देशांत फ्रान्स होता, आणि चक्क इटलीही होती.

तफारीने संघावर इतका भरवसा का टाकला, याचं उत्तर १९२६ मध्ये सापडतं. ब्रिटन आणि इटलीने आदल्या वर्षी परस्पर पत्रं लिहून इथिओपियात कुणाचं कुठे चालायचं हे ठरवून टाकलं होतं. ब्रिटनला ताना सरोवराचं पाणी, इटलीला रेल्वे आणि पश्चिमेचा मुलूख. इथिओपियाला विचारलंही नव्हतं. तफारीने राष्ट्रसंघाकडे लेखी तक्रार केली. जाहीर वाच्यता होताच दोन्ही सत्ता ओशाळल्या, आमचा तसा काही हेतू नव्हता म्हणाल्या आणि मागे सरल्या. एका कागदाने दोन साम्राज्यांना थोपवलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

संघाच्या सनदेत सव्वीस कलमं होती. दहाव्यात प्रत्येक सभासदाच्या भूमीचं परकीय आक्रमणापासून रक्षण करण्याची हमी होती. सोळाव्यात म्हटलं होतं की एका सभासदाने सनद मोडून युद्ध पुकारलं, तर ते सगळ्यांविरुद्ध पुकारलं असं धरायचं. मोठ्या देशांनी ही कलमं समारंभातल्या भाषणासारखी ऐकली. तफारीने ती सातबाऱ्यासारखी वाचली.

संघाला मात्र ना स्वतःची फौज होती, ना तिजोरी. सचिवालय, दुभाषे, टंकलेखक आणि सरोवराकाठची इमारत एवढंच काय ते त्याचं स्वतःचं. बाकी हात-पाय सगळे सभासदांचे. ज्या अमेरिकेच्या अध्यक्षाने ही कल्पना जगाला पटवली, त्या अमेरिकेच्याच सिनेटने सभासदत्व नाकारलेलं. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया गिळलं, तेव्हा संघाने लॉर्ड लिटनच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती धाडली. लिटन म्हणजे बंगालचा माजी गव्हर्नर, जन्म सिमल्याचा. समितीने फिरून, अभ्यास करून जाडजूड अहवाल दिला. तो मंजूर व्हायला फेब्रुवारी १९३३ उजाडला. जपानी प्रतिनिधी उठून निघून गेला आणि मांचुरिया जपानकडेच राहिलं. मुसोलिनी हे सगळं रोममधून पाहत होता.

५ डिसेंबर १९३४ ला ओगादेनच्या वाळवंटात वालवाल नावाच्या ठिकाणी चकमक झाली. वालवालला काय होतं? विहिरी. उंटवाले धनगर तिथे जनावरं पाजायला येत. इटलीच्या सोमालीलँडमधून आलेल्या तुकडीने तिथे ठाणं दिलं होतं, आणि जागा तर सरहद्दीच्या बरीच आत, इथिओपियाच्या बाजूला होती. दोन्हीकडची माणसं मेली, इथिओपियाची जास्त. तरी माफीची मागणी केली ती इटलीने! वर दोन लाख मारिया थेरेसा डॉलरची भरपाई आणि इटालियन झेंड्याला सलामी.

इथिओपियाने राष्ट्रसंघाचं दार ठोठावलं. तिथून पुढे नऊ महिने जे चाललं ते तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. आधी दोघांनी आपसात बोलून पाहावं. मग लवाद नेमावा. लवादात कोण बसणार यावर वाद. शेवटी लवाद बसला तेव्हा इटलीने अट घातली की वालवाल कुणाच्या हद्दीत येतं, हा प्रश्न काढायचा नाही. म्हणजे विहिरीवरून मारामारी झाली, न्याय करायचा, पण विहीर कुणाची हे विचारायचं नाही! ३ सप्टेंबर १९३५ ला निकाल लागला: दोष कुणाचाच नाही.

या नऊ महिन्यांत इटलीची जहाजं सैनिक आणि तोफा घेऊन सुएझ कालव्यातून एरिट्रियाकडे जातच होती. कालव्याच्या कंपनीत ब्रिटिश सरकारचे ४४ टक्के भाग होते. इटलीने प्रत्येक फेरीचा रीतसर कर भरला.

लंडन आणि पॅरिसला चिंता होती ती हिटलरची. मार्च १९३५ मध्ये त्याने सक्तीची लष्करभरती जाहीर केली. एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटली स्ट्रेसा गावी जमले, तिघांनी मिळून जर्मनीला आवरायचं ठरलं. निवेदनात शांततेचा उल्लेख 'युरोपच्या' शांततेपुरता राहील, एवढी काळजी मुसोलिनीने घेतली. समोरच्यांनी ते वाचलं आणि गप्प राहिले. फ्रान्सचा पिएर लाव्हाल तर जानेवारीतच रोमला जाऊन करार करून आला होता. इथिओपियाबाबत त्याने किती मोकळीक दिली यावर तो आणि मुसोलिनी पुढे भांडले, पण दिली होती यात शंका नाही. ब्रिटिश सरकारनेही सर जॉन मॅफी यांची समिती बसवली. तिने जूनमध्ये गुप्त अहवाल दिला की ताना सरोवराचं पाणी सोडलं तर या देशात ब्रिटनचं मोठं हित काही अडकलेलं नाही. हा गुप्त कागद इटालियन हेरांनी पळवला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमच्या वर्तमानपत्रात सरळ छापून टाकला. त्या वेळी रोममध्ये ब्रिटनचा राजदूत होता एरिक ड्रमंड. हाच गृहस्थ राष्ट्रसंघाचा पहिला सरचिटणीस, तेरा वर्षं संघ चालवलेला. इतकी नेमकी जुळणी एखाद्या नाटककाराने केली असती तर आपण त्याला नावं ठेवली असती.

मग ब्रिटनने सरळ हात वर का केले नाहीत? कारण घरी मतदार बसले होते. संघाच्या ब्रिटनमधल्या समर्थकांनी १९३४-३५ मध्ये घरोघरी हिंडून एक खाजगी मतदान घेतलं. १ कोटी १६ लाख लोकांनी उत्तरं दिली. आक्रमकाची आर्थिक कोंडी करावी, याला १ कोटीच्या वर लोकांनी हो म्हटलं. लागलीच तर लष्करी कारवाईलाही ६७ लाखांचा होकार होता. जून १९३५ मध्ये हा निकाल जाहीर झाला आणि वर्षअखेर निवडणूक येऊ घातली होती. आता राष्ट्रसंघाच्या बाजूने बोलणं भाग होतं.

बोलायला उभे राहिले सर सॅम्युएल होर. हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. आदली चार वर्षं ते भारतमंत्री होते. १९३५ चा भारत सरकार कायदा पार्लमेंटमधून तडीस नेला तो त्यांनीच. परराष्ट्रमंत्री होऊन तीन महिने झाले होते. ११ सप्टेंबरला जिनिव्हात त्यांनी सांगितलं की विनाकारण केलेल्या कोणत्याही आक्रमणाला ब्रिटन सर्वांसोबत ठामपणे विरोध करील. सभागृह भारावलं. छोट्या देशांचे प्रतिनिधी उठून अभिनंदन करायला आले. ब्रिटनची लढाऊ जहाजं जिब्राल्टरकडे निघाली होती, त्यामुळे शब्दांना वजनही आलं.

आदल्या दिवशी, १० सप्टेंबरला, होर आणि लाव्हाल यांची बैठक झाली होती. लष्करी कारवाई करायची नाही, नाकेबंदी करायची नाही, सुएझ बंद करायचा नाही, युद्धाकडे नेईल असं काहीच करायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. डिसेंबरात लाव्हालने स्वतःच फ्रेंच संसदेत हे सांगून टाकलं. टाळ्या पडल्या त्या भाषणाला. त्यातून काय काय होणार नाही हे चोवीस तास आधीच ठरलेलं होतं.

होर ढोंगी होते असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते मला पुरेसं वाटत नाही. त्यांना खरंच आशा असावी की भाषणाच्या धाकाने मुसोलिनी वाटाघाटींना येईल. १९२६ मध्ये एका कागदाने काम भागलं होतंच. फरक इतकाच की तेव्हा धाक बसणारे लोकलाजेला भिणारे होते. मुसोलिनीला तो धाक नव्हता, आणि कुणाच्या हातात कोणते पत्ते आहेत हे त्याला चोरलेल्या कागदांवरून ठाऊक होतं.

३ ऑक्टोबरला इटालियन सेनापती दे बोनोच्या सैन्याने मारेब नदी ओलांडली. ६ तारखेला अडोवा पडलं. राष्ट्रसंघ या वेळी खरोखर झपाट्याने हलला, याचं श्रेय द्यायलाच हवं. आठवड्याच्या आत इटलीला आक्रमक ठरवलं गेलं आणि पन्नास देशांनी निर्बंधांना मान्यता दिली. त्याआधी इतिहासात असं कधी झालं नव्हतं. या पन्नासांत आपणही होतो. राज्य इंग्रजांचं असलं तरी भारत संघाचा संस्थापक सभासद होता. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर बिकानेरच्या महाराजांची सही आहे. परक्याच्या ताब्यातला देश, दुसऱ्या देशाला परक्याच्या ताब्यात जाऊ न देण्यासाठी मत देत होता, तेही ताबेदाराच्या सांगण्यावरून.

आणि मग ती यादी. तेल तिच्यात का आलं नाही, याची कारणं बैठकांत अगदी सरळ मांडली गेली. सभासद देशांच्या हातात ज्या मालाचा पुरवठा आहे तोच आधी घ्यावा. तेल अमेरिकेकडे आहे, ती सभासद नाही. आपण थांबवलं तर तिचे व्यापारी विकतील, आपला धंदा फुकट बुडेल. म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. अमेरिकेतून इटलीला जाणारं तेल त्या महिन्यांत वाढलंच. पण मधे एक गंमत झाली. २ नोव्हेंबरला कॅनडाचा प्रतिनिधी रिडेल याने समितीत सुचवलं की तेल, कोळसा, लोखंड, पोलादही यादीत घ्यावं. समितीने तत्त्वतः होकार दिला. आता कुणीतरी तारीख ठरवायची तेवढी बाकी. मुसोलिनीने कळवलं की तेल तोडलंत तर ते युद्धच समजेन. महिनाभरात कॅनडाच्या सरकारने जाहीर केलं की ते रिडेलचं वैयक्तिक मत होतं, आमचं नव्हे. तेलाचा विषय २९ नोव्हेंबरवरून १२ डिसेंबरला ढकलला. मग फेब्रुवारीत तज्ज्ञांनी अहवाल दिला की अमेरिकेने आपला पुरवठा नेहमीइतकाच ठेवला तर तीन-साडेतीन महिन्यांत इटलीचं तेल संपेल. अहवाल चांगला होता. एव्हाना युद्धाचा निम्म्याहून अधिक भाग उरकला होता.

पुढे १९३८ मध्ये म्युनिकला मुसोलिनीने हिटलरपाशी कबूल केलं की तेव्हा तेल बंद केलं असतं तर आठवड्याभरात मला ॲबिसीनियातून बाहेर पडावं लागलं असतं. दुभाष्याने ते नोंदवून ठेवलं. फुशारक्या मारणाऱ्या माणसाचा शब्द कितपत धरायचा हा प्रश्न आहेच; पण ही फुशारकी नव्हती, म्हणून मी धरतो.

जे निर्बंध १८ नोव्हेंबरला सुरू झाले, त्यांनी इटलीत एक उलटाच चमत्कार केला. अर्धवट माराने माणूस खाली पडत नाही, चवताळतो. १८ डिसेंबरला रोममध्ये बायका रांगा लावून लग्नाच्या अंगठ्या देशाला अर्पण करायला आल्या, स्वतः राणी पहिली. सोन्याच्या बदल्यात पोलादाची अंगठी मिळायची. जे लोक फॅसिस्टांपासून चार हात दूर राहत, तेही त्या दिवसांत 'पन्नास देश एका इटलीवर उठले' म्हणून मुसोलिनीमागे गेले.

दरम्यान होर निवडणूक जिंकून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसला थांबले. जायचं होतं स्वित्झर्लंडला, बर्फावर स्केटिंग करायला. लाव्हालबरोबर बसून दोघांनी तडजोड आखली. इथिओपियाचा मोठा मुलूख सरळ इटलीला, दक्षिणेचा त्याहून मोठा पट्टा इटलीच्या आर्थिक मक्तेदारीला. आणि सम्राटाला समुद्रापर्यंत जाणारी एक चिंचोळी वाट. आक्रमक ठरवून दोन महिने झाले होते. पॅरिसच्या पत्रकारांनी बातमी फोडली. लंडनच्या 'टाइम्स'ने त्या वाटेला उंटांचा बोळ म्हणून हिणवलं. मला इथे थोडं हसू येतं: जिनिव्हाच्या यादीत उंट बंद, पॅरिसच्या नकाशात उंटांना रस्ता. इंग्लंडमध्ये मात्र कुणी हसलं नाही. पत्रांचा पाऊस पडला. ज्यांनी सप्टेंबरचं भाषण खरं मानून मत दिलं होतं त्यांचीच ही पत्रं. स्केटिंग करताना पडून नाक मोडलेल्या होरनी १८ डिसेंबरला राजीनामा दिला. त्यांच्या जागी इडन आले. योजना मेली, आणि तिच्याबरोबर तेलबंदीचं बळही ओसरलं. सहा महिन्यांत होर आरमारमंत्री म्हणून मंत्रिमंडळात परतलेही.

डिसेंबरच्या शेवटी इटालियन विमानांतून मस्टर्ड गॅस पडू लागला. १९२५ च्या जिनिव्हा करारान्वये विषारी वायू वापरायला बंदी होती, आणि इटलीची त्यावर सही होती. आधी पिंपांसारखे बॉम्ब, मग विमानांना फवारे बसवले. एकामागे एक विमानं, रांगेत, पिकावर औषध मारावं तशी. पायदळ अनवाणी होतं. गवतावर, पाण्यावर, जनावरांच्या अंगावर बसलेला तो पातळ थर दिसत नसे. पायाला लागला की कातडी सोलून निघे. सैनिक तर सोडाच, गुराखी, पाणी भरायला आलेल्या बायका, गाढवं, सगळीच त्यात सापडली.

हे पाहणारा एक माणूस होता, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा प्रतिनिधी. डॉक्टर मार्सेल जुनो, वय तिशीचं, जिनिव्हाकडचाच. डिसेंबरात देसीच्या इस्पितळावर बॉम्ब पडले तेव्हा तो तिथे होता. स्वीडिश रेडक्रॉसच्या तंबूंवरही बॉम्बफेक झाली, छतांवरची लाल फुली आकाशातून स्पष्ट दिसत असताना. मार्च १९३६ मध्ये कोरेमजवळ त्याने झाडाखाली पडलेली माणसं पाहिली, भाजलेली, फोडांनी भरलेली, सम्राटाच्या वाटेवर मदत मागत. डॉक्टर होता, ते कशामुळे झालं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने कळवलं.

राष्ट्रसंघाने रेडक्रॉसकडे विचारणा केली: वायूविषयी तुमच्याकडे जे पुरावे आहेत ते द्या. दोन्ही कचेऱ्या एकाच गावात, एकाच तळ्याच्या काठी. रेडक्रॉसचे अध्यक्ष मॅक्स हुबर हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मोठे पंडित, हेगच्या न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. त्यांनी नकार दिला. आम्ही तटस्थ, एका बाजूविरुद्ध साक्ष दिली तर उद्या त्या बाजूच्या जखमींपर्यंत आम्हाला कुणी जाऊ देणार नाही. मी हे जितकं वाचतो तितका जास्त अस्वस्थ होतो, कारण मुद्दा पोकळ नाही. तुरुंगात शिरायचं असेल तर तुरुंगाधिकाऱ्याशी बोलणं ठेवावं लागतं, हे खरंच आहे. पण इटलीने इथिओपियाच्या बाजूच्या जखमींपर्यंत जायचा रस्ता बॉम्बनीच बंद केला होता, तेव्हा ही तटस्थता नेमकं कशाची राखण करत होती? संस्थेची. पुढच्या युद्धात काम करता यावं म्हणून संस्था टिकली पाहिजे, आणि संस्था टिकावी म्हणून या युद्धातलं पाहिलेलं कपाटात राहिलं पाहिजे. इथे कुणी लाच खाल्ली नाही, कुणी विकला गेला नाही. सज्जन, विद्वान माणसांनी विचारपूर्वक ठरवलं.

मार्चच्या शेवटी माइचूला सम्राट आपली अखेरची मोठी लढाई हरला. २ मेला तो अदिस अबाबा सोडून जिबुतीकडे गेला, तिथून ब्रिटिश जहाजाने जेरुसलेमला. ५ मेला मार्शल बादोलिओ राजधानीत शिरला.

त्याआधी फेब्रुवारीत, जिनिव्हाच्याच सरोवराकाठी लोझानला, कमला नेहरू वारल्या होत्या. अस्थी घेऊन परतताना मार्चमध्ये जवाहरलाल यांचं विमान रोमला थांबणार होतं. मुसोलिनीने भेटीला बोलावलं. भेटीचा फोटो छापून ॲबिसीनियाच्या युद्धाला भारताचा आशीर्वाद म्हणून मिरवतील, हे ओळखून नेहरूंनी आग्रह होऊनही जाण्याचं साफ नाकारलं. ९ मेला, ज्या दिवशी मुसोलिनीने साम्राज्याची घोषणा केली, त्याच दिवशी काँग्रेसने देशभर ॲबिसीनिया दिन पाळला. काँग्रेसला राष्ट्रसंघात जागा नव्हती. भारताची खुर्ची होती, तिच्यावर सरकारी माणूस बसे.

३० जूनला सम्राट जिनिव्हाच्या व्यासपीठावर चढला. लहान चणीचा, काळी दाढी, खांद्यावर गडद झूल. फ्रेंच उत्तम येत असूनही तो अम्हारिकमध्ये बोलायला उभा राहिला. तोंड उघडण्याआधीच पत्रकारांच्या सज्जातून शिट्ट्यांचा गदारोळ झाला. रोमहून आलेले इटालियन पत्रकार शिट्ट्या खिशात घालूनच बसले होते. रुमानियाचा तितुलेस्कु उठून ओरडला, या रानट्यांना बाहेर हाकला! पोलिसांनी त्यांना ओढून नेलं. सम्राट हात न हलवता थांबून राहिला. मग त्याने कागदावरचं वाचायला सुरुवात केली. नऊ, पंधरा, अठरा विमानांच्या रांगा एकामागून एक कशा येत, त्यांचा फवारा धुक्यासारखा जमिनीला कसा लागे, हे त्याने सांगितलं. बोलला तो कुठल्याही वक्तृत्वाशिवाय, पंचनामा वाचावा तसा. शेवटी त्याने विचारलं की माझ्या लोकांना मी काय उत्तर नेऊ?

उत्तर चार दिवसांनी मिळालं. त्याने १ कोटी पौंडांचं कर्ज मागितलं होतं. ठरावाच्या बाजूने एक मत पडलं, इथिओपियाचं स्वतःचं. विरोधात तेवीस. पंचवीस तटस्थ. त्याच दिवशी निर्बंध उठवायचं ठरलं आणि १५ जुलैला ते उठले. गाढवं पुन्हा मोकळी झाली. ब्रिटनचे अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी तर जूनमध्येच निर्बंध चालू ठेवणं म्हणजे वेडेपणाचा कळस, असं जाहीर बोलून दाखवलं होतं.

या मतदानाच्या आदल्या दिवशी, ३ जुलैला, भर सभेत पत्रकारांच्या जागेवरून गोळीचा आवाज आला. श्टेफान लुक्स नावाच्या ज्यू पत्रकाराने स्वतःवर पिस्तूल झाडलं होतं. जर्मनीत ज्यूंचं काय चाललंय याकडे जगाने बघावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. जवळ पत्रं होती, त्यातलं एक इडनना. प्रतिनिधी दचकले. थोड्या वेळाने कामकाज पुढे सुरू झालं.

त्याच वर्षी राष्ट्रसंघाचं सचिवालय सरोवराकाठच्या जुन्या हॉटेलमधून आरियाना बागेतल्या नव्या, भव्य प्रासादात राहायला गेलं. बांधकाम वर्षानुवर्षं चाललं होतं.

१९३८ मध्ये ब्रिटनने इथिओपियावरची इटलीची सत्ता अधिकृतपणे मान्य केली. सम्राट तेव्हा इंग्लंडमध्ये बाथ गावी भाड्याच्या नव्हे, स्वतः घेतलेल्या पण ऊब न राहणाऱ्या घरात दिवस काढत होता. आणि जून १९४० मध्ये इटली हिटलरच्या बाजूने युद्धात उतरली, तेव्हा त्याच ब्रिटनला त्याची अचानक आठवण झाली. ज्या इटलीच्या मैत्रीसाठी इथिओपिया सोडून दिला, ती इटली शेवटी मिळाली नाहीच.

फेब्रुवारी १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांपाशी इंग्रजी फौज अडली. फौज म्हणजे मुख्यतः चौथी आणि पाचवी इंडियन डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं, बेळगावात तयार झालेली. १९३५ मध्ये कलम सोळा वाचून जे काम पन्नास सरकारांना करायचं होतं, ते आता यांच्याकडे आलं. यांना कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मार्चच्या मध्याला तिसऱ्या मराठा पलटणीने फ्लॅट टॉप नावाची टेकडी अंगावर गोळ्या घेत चढून काढली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रेजिमेंटची गर्जना याच लढाईत पहिल्यांदा उठली, असं रेजिमेंटमध्ये सांगतात. २७ मार्चला केरेन पडलं. ५ मे १९४१ ला, बादोलिओ शिरल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, सम्राट पुन्हा अदिस अबाबात आला.

केरेनला जाणारा घाटरस्ता इटालियन सैन्याने सुरुंग लावून बुजवला होता. ट्रक पायथ्याशीच थांबले, पेट्रोल असून काही उपयोग नव्हता. सरळ उभ्या कड्यांवर लढणाऱ्या पलटणींना पाणी आणि दारूगोळा पोचवायचा, तर तो एकतर माणसांच्या पाठीवरून जाणार, नाहीतर खेचरांच्या.